चार नंबरचा माइक

२ सप्टेंबर, सोमवार

ही वही लेकीने दिली होती, माझ्या नोकरीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा. तीन वर्षं कपाटात पडून होती. आजपासून लिहायचं ठरवलं, कारण दिवसभरात सांगण्यासारखं काही घडलंच तर संध्याकाळी ते ऐकायला घरात कोणी नसतं. बायको लेकीकडे गेली आहे, बाळंतपणासाठी. नात आता सात महिन्यांची झाली. पुढच्या महिन्यात येते, म्हणते.

आज मॅडमनी बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य इंजिनियर. नियंत्रण कक्षातले सगळे कॉम्प्युटर तिथून हलवायचे आहेत. सहा टेबलं, सहा माणसं आणि टेबलांखाली अकरा कॉम्प्युटर. खोलीची भट्टी होते, आणि पंख्यांच्या घरघरीत फोनवरचं धड ऐकू येत नाही. म्हणून कॉम्प्युटर जाणार चार किलोमीटरवर, शुद्धीकरण केंद्राच्या आवारातल्या जुन्या गोदामात. माणसं आहेत तिथेच राहणार. त्यांच्या टेबलावर फक्त स्क्रीन, कीबोर्ड, माउस, स्पीकर आणि माइक. प्रत्येक कॉम्प्युटरला एक डबी, प्रत्येक टेबलाला एक डबी, मध्ये नेटवर्क. यंत्राकडचं चित्र आणि आवाज टेबलावर जाणार, टेबलावर दाबलेलं बटण यंत्रापर्यंत पोचणार.

"यंत्रांजवळ कायम कोणीतरी लागेल," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला जमेल का? एकट्यानं बसावं लागेल."

"जमेल," मी म्हणालो.

विचारसुद्धा केला नाही. वीस वर्षं त्या खोलीत कॉम्प्युटरांची देखभाल करत बसून कान किटले आहेत. जरा शांतता मिळेल.

९ सप्टेंबर, सोमवार

सामान हलवलं. कॉम्प्युटर काढल्यावर टेबलांखाली काय काय सापडलं: चपलेचा एक जोड, तीन छत्र्या, आणि गवयाची गेल्या वर्षी हरवलेली चष्म्याची काच. गवई चार नंबरच्या टेबलावर बसतो. काम करताना दिवसभर गुणगुणतो म्हणून त्याला हे नाव पडलं. गाण्याशी तेवढाच संबंध. त्याच्या शेजारी तीन नंबर, म्हणजे टेकडीवरची मोठी टाकी सांभाळणारी बाई. तिला सगळे टेबलाच्या नंबरानेच हाक मारतात, आता तीही फोन उचलून "तीन नंबर बोलतेय" असंच म्हणते.

टेम्पो निघताना तिने विचारलं, "दादा, तिकडे जेवायला सोबत कोणी आहे का?"

"डबा आहे," मी म्हणालो.

ती आत गेली. निरोपसमारंभ वगैरे काही झाला नाही. व्हायचं कारणही नव्हतं, मी काही नोकरी सोडलेली नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

डब्या बसल्या. इथे यंत्र, तिथे चित्र. इथल्या माझ्या मॉनिटरवर बाण आपोआप फिरताना दिसतो, म्हणजे चार किलोमीटरवर कोणीतरी माउस हलवत असतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

गवयाने फोन केला. "दादा, माझा माउस परगावी राहायला गेल्यासारखा वागतोय. बोलावलं की दोन मिनिटांनी येतो."

नेटवर्कमध्ये एक जोडणी चुकली होती. सुधारली. आता क्षणाचाही फरक कळत नाही. आणखी एक सोय आहे: कुठल्याही टेबलावरून कुठलंही यंत्र बोलावता येतं. तीन नंबरचं टेबल बंद पडलं तर ती चार नंबरवर बसून टाकी चालवू शकेल.

१९ सप्टेंबर, गुरुवार

तक्रारी. मध्येच सेकंदभर स्क्रीन निळी होते आणि 'सिग्नल नाही' असं येतं. नेटवर्कला उचकी लागली की असं होतं. काही बिघडत नाही, पण माणसं दचकतात. तीन नंबर म्हणाली, "दर वेळी छातीत धस्स होतं दादा. काहीतरी करा."

डब्यांमध्ये एक सोय आहे. सिग्नल तुटला तर निळी स्क्रीन न दाखवता शेवटचं चित्र तसंच धरून ठेवायचं, नवीन येईपर्यंत. ती सगळ्या टेबलांना लावून टाकली. पाच मिनिटांचं काम. रजिस्टरमध्ये नोंद करायला हवी होती, उद्या करीन.

तक्रारी थांबल्या. फोनही थांबले.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी हिचा फोन.

"जेवलात?"

"जेवेन."

"बाकी?"

"बाकी ठीक. पुढच्या महिन्याचं तिकीट काढून ठेवतो."

"अहो, बाळाला माझी सवय झालीय. लेक कामावर जायला लागली. बघू." मग म्हणाली, "एक काम करा. माझे लोकरीचे कपडे पाठवून द्या. आणि चष्म्याचा जुना नंबर लिहिलेला कागद आहे खणात, तोही."

"सगळे कपडे?"

"हो. सगळेच पाठवा."

तिला थंडी जरा जास्तच बाधते. उद्या पार्सल करतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार

गोदामाचं वर्णन लिहून ठेवतो. लांबट खोली, खिडकी एकच, तीही उंचावर. एका भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर अकरा यंत्रं. समोर टेबल, मॉनिटर, खुर्ची. दाराबाहेर पाण्याचे मोठे हौद आणि कुंपण. शुद्धीकरणाची माणसं दुसऱ्या टोकाला असतात, इकडे फिरकत नाहीत. सकाळी नऊला पहारेकरी "या" म्हणतो आणि पाचला "चला" म्हणतो. आज हिशेब केला: हे दोन शब्द सोडले तर दिवसभरात कोणी माझ्याशी बोललं नाही. मी तर तेवढंही बोललो नाही, नुसती मान हलवली.

दुपारी चार नंबरच्या माइकची चाचणी करायची होती. टेबलावरचा माइक पंपहाऊसला सूचना द्यायला असतो. त्याचा आवाज सतत इथल्या यंत्रात येतो, आणि तिकडे बटण दाबलं की पुढे जातो. यंत्राला स्पीकर लावला. गवई गुणगुणत होता. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज, कोणीतरी शिंकलं, तीन नंबर म्हणाली, "खिडकी लावा हो, वारं येतंय."

चाचणी झाली. स्पीकर बंद करायला हवा होता. पाच वाजेपर्यंत चालू राहिला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

खरं लिहायचं तर विसरलो नव्हतो. आजही चालू ठेवला.

त्यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारलं. वीस वर्षं हेच आवाज ऐकत होतो, तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती? तेव्हा तर वैताग यायचा. आता गवई एका ओळीपुढे सरकत नाही हेसुद्धा बरं वाटतं.

साडेबाराला त्यांचे डबे उघडल्याचा आवाज आला. मीही माझा उघडला. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

आज माझा विषय निघाला. सहा नंबरवाला म्हणाला, "मौनीबाबांचं काय चाललंय तिकडे?"

मला मौनीबाबा म्हणतात हे आज कळलं.

"काय चालणार," गवई म्हणाला. "इथे होते तेव्हा तरी काय चालायचं? परवा मी सवयीनं त्यांच्या खुर्चीकडे बघून 'चहा' म्हणालो. खुर्ची रिकामी. उत्तर तेवढंच आलं, जेवढं आधी यायचं."

सगळे हसले. मीही हसलो, मग थांबलो. तीन नंबर हसली नाही, निदान मला तिचा आवाज आला नाही. ती म्हणाली, "एकदा जाऊन भेटायला पाहिजे त्यांना." तेवढ्यात फोन वाजला.

स्पीकर बंद केला. अर्ध्या तासाने पुन्हा लावला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

ही आता लेकीच्या घराजवळच्या पाळणाघरात जाते, सकाळी चार तास. नातीलाही बरोबर नेते. "तिथं मला सगळे मावशी म्हणतात," असं फोनवर सांगत होती. वेळ जात नसेल तिचा. इथे घराचं रंगकाम काढावं म्हणतो, ती येण्याआधी. तिला विचारलं, कुठला रंग. म्हणाली, "तुम्हाला आवडेल तो लावा."

तिला माझी आवड महत्त्वाची वाटते याचं बरं वाटलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

रोज साडेबारानंतर तीन नंबर फोनवर हळू आवाजात बोलते. ती दूर वळून बोलत असावी, पण चार नंबरचा माइक चांगला आहे. मला आधी वाटायचं, नवऱ्याशी बोलते. आज नीट ऐकलं. तिची आई. घरी एक बाई सांभाळायला असते, ती फोन आईच्या कानाला लावून देते.

"आई, मी बोलतेय. मी गं. तुझी मोठी." मग थांबली. "नाही, शाळेतून नाही बोलत. बरं, शाळेतून बोलतेय. हो बाई, तुमची मुलगी हुशार आहे. हो, मी लक्ष ठेवते तिच्यावर. तुम्हीही शाळेत शिकवायचात, माहीत आहे मला."

फोन ठेवल्यावर गवयाने विचारलं, "ठीक ना सगळं?" ती म्हणाली, "हो, ठीक." म्हणजे कक्षात हे कोणालाच माहीत नाही. फक्त मला माहीत आहे, आणि मला ते कोणी सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

टेकडीवरच्या टाकीला एक सांडवा आहे. टाकी भरून चार मीटर वीसच्या वर गेली की जादा पाणी त्या बंदिस्त चरातून खाली जातं. आज त्या चरात दोन माणसं उतरली होती, गाळ काढायला. दोन वाजेपर्यंतची लेखी परवानगी. तोवर टाकी तीन वीसच्या आसपास ठेवायची, म्हणून पंप आपोआप बंद-चालू न ठेवता तीन नंबरच्या हातात दिले होते. हे सगळं मी सकाळी स्पीकरवर ऐकलं.

बारा पस्तीसला वायरलेसवर गाळ काढणाऱ्यांच्या मुकादमाने विचारलं, "टाकी किती?"

"तीन वीस," तीन नंबर म्हणाली. "निवांत राहा."

मी डबा उघडत होतो. सहज मॉनिटरवर तीन नंबरचं यंत्र आणलं. तीन अठ्ठ्याहत्तर.

पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय. पाहता पाहता तीन ऐंशी झालं. खालच्या भागाचा पुरवठा बाराला बंद होतो, मग टाकी चढायला लागते आणि तीन नंबर पंप कमी करते. रोजचं आहे. आज तिने केले नव्हते, कारण तिच्या समोरचं चित्र बाराच्या आधीच अडकलं होतं. तिला तीन वीसच दिसत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळही अडकलं असणार, पण भिंतीवर मोठं घड्याळ असताना कोपऱ्यात कोण बघतं. धोक्याचा भोंगाही त्याच डबीतून जातो, तोही पोचला नसता.

निळी स्क्रीन आली असती तर ती दचकली असती. ती मीच काढून टाकली होती.

फोन लावला. एंगेज. ती आईशी बोलत होती, मला ऐकू येत होतं. दुसरी लाइन महिनाभर बंद आहे. मोबाइल सगळ्यांचे बाहेर कपाटात असतात, कक्षाचा नियम आहे. माझ्यासमोर तीन नंबरचा कीबोर्ड होता आणि पंप बंद करायचं बटण एका क्लिकवर होतं. हात तिथवर गेलाही. पण पंप कुठल्या क्रमाने उतरवायचे ते मला माहीत नाही. एकदम बंद केले तर उलट धक्क्याने लाइन फुटते, आणि ती लाइन त्या चराच्या शेजारूनच जाते.

खणात चाचणीचा हेडफोन होता, माइकवाला. तो चार नंबरच्या यंत्राला लावला आणि त्यातला आवाज बाहेर जाईल असं केलं, म्हणजे तो गवयाच्या स्पीकरमधून निघणार.

"गवई," मी म्हणालो. गाणं चालूच. आवाज पूर्ण वर नेला. "गवई, गाणं थांबवा आणि ऐका. तीन नंबरचं चित्र अडकलंय. टाकी तीन नव्वदला आहे. चरातली माणसं बाहेर काढा."

गाणं थांबलं. "कोण बोलतंय?"

"मी. गोदामातून. आधी माणसं काढा. आणि तीन नंबरला तुमच्या टेबलावर बसवा, तिचं यंत्र तिथे बोलावून देतो."

मग सगळं एकदम ऐकू आलं. खुर्च्या, गवयाचं वायरलेसवर "बाहेर या, आत्ता, अवजारं टाका", तीन नंबरचं धावत येणं. माझ्या मॉनिटरवर बाण हलला. एक पंप उतरला, मग दुसरा, मग तिसरा. चार शून्य पाच. चार शून्य नऊ. चार अकराला आकडा थांबला.

मुकादमाचा आवाज आला, "दोघं वर आले." तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नऊ सेंटिमीटर उरले होते.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून फोन. मॅडमचा, मुकादमाचा, चरात उतरलेल्यांपैकी एकाच्या भावाचा. भाऊ नुसता रडत होता. मी "हो, हो" म्हणत राहिलो.

गवयानेही केला. "दादा, उपकार झाले. पण एक सांगा, मी गातोय हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही कधी गात नसता?" मी म्हणालो.

तो खूप हसला. मला इतकं चटकन उत्तर देता येतं हे मलाच नवीन होतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन नंबरकडून लेखी खुलासा मागितला आहे आणि तिला घरी बसवलं आहे. डब्या बसवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याच्या नोंदीप्रमाणे जोडणी पूर्ण वेळ चालू होती, कुठेही तुटलेली नाही. म्हणजे, त्यांच्या मते, चित्र अडकलं नव्हतं. बाईंनी न बघताच 'तीन वीस' सांगितलं आणि फोनवर बोलत बसल्या. गडबडीत मी तिची डबी बंद-चालू केली होती, त्यामुळे अडकलेलं चित्रही उरलं नाही. ती सांगते की अडकलं होतं, पण दुसऱ्या कोणी पाहिलं नाही.

मी म्हणालो होतो की अडकलं. पण मॅडम विचारणारच: तुमच्या मॉनिटरवर आकडा बरोबर होता, मग तिकडचा चुकीचा आहे हे तुम्हाला इथे बसून कसं समजलं?

स्पीकर बंद ठेवला आहे. आज पाऊण दिवस पंख्यांचा आवाज ऐकला. उत्तर सरळ आहे, आणि ते दिलं तर काय होईल हेही सरळ आहे. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं आहे. या वयात माझ्या नावापुढे हे लागावं का? नाही दिलं तर तिच्या नावापुढे लागेल. तिच्या घरी ती आई आहे.

हे मी इतक्यांदा मनात घोळवलं की शेवटी कंटाळा आला.

२८ ऑक्टोबर, सोमवार

चौकशी मॅडमच्या खोलीत. मॅडम, कंपनीचा माणूस, गवई साक्षीला, आणि तीन नंबर भिंतीजवळच्या खुर्चीत.

मी उभा राहूनच बोललो. "मी तीन आठवडे चार नंबरच्या माइकवरून कक्षातलं बोलणं ऐकत होतो. कामासाठी नाही. त्या दिवशी यांनी 'तीन वीस' म्हटलेलं मी ऐकलं तेव्हा माझ्यासमोर तीन अठ्ठ्याहत्तर होतं. त्यांनी स्क्रीन बघूनच सांगितलं. आणि शेवटचं चित्र धरून ठेवायची सोय मी लावली होती. नोंद न करता."

 मी सोबत दोन डब्या नेल्या होत्या. मॅडमच्या टेबलावर लावून दाखवल्या. नुसतं चित्र थांबवलं. स्क्रीनवर आकडा जागच्या जागी, आणि कंपनीच्या नोंदीत 'जोडलेलं' तसंच. कंपनीचा माणूस वाकून बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हे आम्हाला लिहून घ्यावं लागेल."

"लिहा," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तीन आठवडे? सगळं बोलणं?"

"हो."

"कशासाठी?"

याचं उत्तर मी तयार केलं नव्हतं. "जेवताना," मी म्हणालो.

गवई खाली बघत होता. तीन नंबर माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचा आनंद असेल असं मला वाटलं होतं. तो नव्हता.

४ नोव्हेंबर, सोमवार

तीन नंबर कामावर रुजू झाली. मला ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद. निळी स्क्रीन परत आली. माइक आता बटण दाबल्याशिवाय उघडत नाहीत. ती व्यवस्था मीच करून दिली, सहाही टेबलांची, एका दिवसात.

दुपारी दार वाजलं. गोदामाचं दार पहिल्यांदाच कोणी वाजवलं. तीन नंबर. खुर्ची एकच, ती तिला दिली. ती बसली नाही.

"आईचं ऐकलंत?" तिने विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"ऐकू येत होतं बरेच दिवस. समजलं शेवटच्या दोन दिवसांत."

"मी घरात नवऱ्यालाही पूर्ण सांगितलेलं नाही, की मी शाळेची बाई होऊन बोलते." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "दादा, तुम्ही माझी नोकरी वाचवली. त्या दोघांचा जीव वाचवला. मी ते विसरणार नाही. पण मला तुमचा राग आलाय, आणि तो जाईल की नाही मला माहीत नाही."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

ती यंत्रांच्या मांडणीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकदा म्हणायचं होतंत ना, 'मी ऐकतोय.' तेवढंच. आम्ही तुमच्याशी बोललो असतो."

मला वाटलं, आता काहीतरी म्हणायलाच हवं. म्हणून जे मनात आलं ते बोललो. "तुमची आई काय शिकवायची?"

ती निघालीच होती, दारात थांबली. "गणित," म्हणाली. आणि गेली.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला फोन केला. मी केला, संध्याकाळी सहाला. ती म्हणाली, "काय झालं?" कारण मी कधी करत नाही, तीच करते.

सगळं सांगितलं. मौनीबाबासकट. पाऊण तास झाला असावा. मध्ये नात रडली, ती तिला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "हं, पुढे."

सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "अहो, एकतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी इतकं कधी बोलला नव्हतात."

"तू ऐकत होतीस म्हणून."

"मी तेव्हाही ऐकतच होते," ती म्हणाली.

मी म्हणालो, तिकीट काढतो, घ्यायला येतो. ती म्हणाली, "घ्यायला नको. भेटायला या."

दोन्हीत काय फरक आहे ते विचारायचं होतं. विचारलं नाही. रजेचा अर्ज दिला.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

लेकीच्या घरी. नात माझ्याकडे बघून आधी रडली, मग माझा चष्मा ओढून घेतला.

हिची खोली पाहिली. म्हणजे पूर्वी सामानाची होती ती. एक पलंग, एक नवीन कपाट, खिडकीत दोन रोपं. लोकरीचे कपडे नीट घडी घालून. नवा चष्मा. आरशाजवळ पाळणाघरातल्या पोरांनी काढलेली चित्रं डकवली आहेत, सगळ्यांत हिचे केस सूर्यासारखे उभे. लेक मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बैठकीत झोपाल ना?" मी म्हणालो, "हो, का नाही."

झोपायला गादी चांगली आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

हिच्याबरोबर बाजारात गेलो. रस्त्यात चार जणांनी तिला थांबवलं. एका बाईने विचारलं, "मावशी, हे कोण?"

"माझे यजमान," ही म्हणाली. "पाण्याच्या खात्यात आहेत. दोन माणसं वाचवली त्यांनी."

बाई पुढे गेल्यावर मी म्हटलं, "तेवढंच सांगितलंस. बाकीचं नाही."

"बाकीचं तुमचं आहे. सांगायचं तर तुम्ही सांगा."

ती भराभर चालते. घरी असताना नेहमी माझ्या मागे असायची. मला वाटायचं, तिचे गुडघे दुखतात.

१८ नोव्हेंबर, सोमवार

परतीच्या बसमध्ये लिहितो आहे, अक्षर वाकडं येतंय.

ही स्टँडपर्यंत आली. नातीला घरी ठेवून, एकटी. आम्ही बाकावर बसलो. मी म्हणालो, "घराला अजून रंग दिलेला नाही."

"नका देऊ," ती म्हणाली.

"तू केव्हा येणार हे विचारू का?"

"विचारा ना. आजवर विचारलंत कुठे? तिकीट काढतो म्हणून कळवलंत."

मग मी विचारलं. नीट, तिच्याकडे बघून.

ती समोरच्या बसकडे बघत होती. "माहीत नाही," म्हणाली. "खरंच माहीत नाही हो. येईन असं म्हणून तुम्हाला घरी पाठवावं असं वाटतंय, पण ते खरं होणार नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकलं की पायाखालची जमीन सरकेल. सरकली, पण मी बाकावरून उठलो नाही. म्हणालो, "बरं. मग तू मला सांग, इथे तुला काय आवडतं?"

बस सुटायला अकरा मिनिटं होती. कंडक्टरने दोनदा हाका मारल्या तरी आम्ही बोलतच होतो. ती काय म्हणाली आणि मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.